पाटणकरांचं पायी फ्रान्स

बटाटावडा अर्धा तोंडात गेला होता, तेवढ्यात समोरच्या चादरीवर सहा फुटी अंगठा उगवला.

अंगठा मिलिंद पाटणकरच्या उजव्या पायाचा. नख काळंनिळं, एका बाजूनं उचललेलं. शेजारच्या बोटावर पाण्यानं टम्म भरलेला फोड. ऑफिसातून उसना आणलेला प्रोजेक्टर इतका झकास, की अंगठ्यावरचे केससुद्धा मोजून घ्यावेत. वडा गिळावा की परत प्लेटमध्ये ठेवावा, यावर रविकांतनं दोन सेकंद विचार केला आणि शेजारी बायको बसलीय हे बघून गिळला. चटणी मात्र राहू दिली. चटणी आणि त्या नखाखालचा रंग जरा जास्तच जुळत होता.

"हा आठवा दिवस," मिलिंद म्हणाला. त्याच्या हातातल्या लेसर पॉइंटरचा लाल ठिपका फोडाभोवती प्रदक्षिणा घालायला लागला. "बावीस किलोमीटर. एकटा. विथ ब्लिस्टर्स! लोक म्हणाले, थांब. मी म्हटलं, थांबायला आलो नाही मी फ्रान्सला."

"कोण लोक?" मागून व्हिन्सेंटनं विचारलं. "तू तर एकटाच होतास ना?"

"इन जनरल म्हणतोय मी. नीलिमा, नेक्स्ट."

लॅपटॉपपाशी बसलेल्या त्याच्या बायकोनं बटण दाबलं. डावा पाय आला.

नोव्हेंबरातला रविवार, दुपारचे साडेतीन. कॅनडातल्या ग्वेल्फमध्ये पाटणकरांच्या बेसमेंटमध्ये मंडळाची तीसेक माणसं घडीच्या खुर्च्यांवर कोंबलेली. वर हीटिंग फुल. खाली माणसांच्या घामाचा, वड्याच्या तेलाचा आणि ओल्या विंटर बुटांचा एकत्र वास. यातून सुटका सव्वापाचला होणार होती, कारण फोटो चारशे बारा होते. मिलिंदनं आधीच सांगून ठेवलं होतं. अभिमानानं.

रविकांत इथे कसा आला, हे सांगायला हवं. हा माणूस हॅमिल्टनला घर गरम ठेवणारे फर्नेस आणि एसी दुरुस्त करतो. वय त्रेपन्न, पण मंडळात त्याला मोठं कुणी धरत नाही, कारण त्याचे उद्योगच तसे. मंडळाच्या अध्यक्षांच्या ड्राइव्हवेवर त्यानं एकदा दहा फुटी स्नोमॅन उभा केला होता. स्नोमॅनच्या अंगात अध्यक्षांचाच हरवलेला कोट, आणि गळ्यात पाटी, 'वर्गणी भरली का?' सकाळी अध्यक्षीणबाई त्याला गुड मॉर्निंग म्हणाल्या होत्या. असा माणूस चारशे बारा फोटो बघायला पस्तीस मैल गाडी चालवून येतो, ते उगाच नाही. तो मोका शोधायला आला होता.

कारण जूनमधली पिकनिक.

मे महिन्यात रविकांत आणि पद्मजा, लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून, युरोपच्या बसटूरला जाऊन आले. बारा दिवसांत दहा देश. पद्मजानं सगळ्यांसाठी फ्रिजला लावायचे आयफेल टॉवर आणले, चाळीस. पिकनिकला ती पिशवी घेऊनच आली होती. रविकांत रंगात येऊन काहीतरी सांगत होता, तर मिलिंदनं हाऊजीचा माइक उचलला.

"बसमधून उतरायचं, फोटो काढायचा, सू करायची, परत बसायचं. याला ट्रॅव्हल नाही म्हणत रविकांत. याला डिलिव्हरी म्हणतात!"

सगळं पार्क हसलं. रविकांतही हसला, खोड्या काढणाऱ्याला खोडी सोसावी लागते, तो कायदा आहे. पण पद्मजानं पिशवीचं तोंड बांधून टाकलं. चाळीसच्या चाळीस आयफेल टॉवर अजून त्यांच्या घरी लॉन्ड्री रूमच्या कपाटात आहेत. ते काही रविकांत विसरला नव्हता.

त्याच माइकवर मिलिंदनं जाहीर केलं होतं, की सप्टेंबरात आपण फ्रान्सला चाललोय. एकटे. ट्रेननं एका गावाला उतरायचं, तिथून पायी पुढच्या गावाला, पुन्हा ट्रेन, पुन्हा पायी. सोळा दिवस. मंडळानं निरोपसमारंभ केला. हातावर दही, ओटीत नसला तरी हातात नारळ, आणि वर्गणी काढून भारीतले हायकिंगचे बूट. न्यूजलेटरच्या पहिल्या पानावर बुटांसकट फोटो.

आता तेच बूट चादरीवर होते. आतून. मिलिंदनं बुटाच्या आतला फोटो काढला होता.

"मोजा चिकटला होता," तो समजावून सांगत होता. "ब्लडमुळे. ओढला की टर्रर्र."

पुढच्या रांगेतल्या बाईंनी शिऱ्याची वाटी खाली ठेवली.

मग हीटरवर वाळत घातलेले मोजे आले. मग बाथटबमध्ये धुतलेल्या मोज्यांचं पाणी आलं, काळं. मग मिलिंद म्हणाला, "आता तुम्हाला पोटाची गंमत सांगतो," आणि चार दिवस नुसत्या ब्रेडवर काढल्यामुळे पाचव्या दिवशी काय झालं नाही, सहाव्या दिवशी कसं झालं, आणि ते नेमकं रेल्वे स्टेशनच्या मागं का करावं लागलं, हे हातवाऱ्यांसकट सांगितलं. रविकांतचा स्वतःचा धंदा लोकांच्या तळघरातल्या फर्नेसमधून मेलेले उंदीर बाहेर काढण्याचा. त्याला सहसा काही वाटत नाही. पण त्यानंसुद्धा प्लेट खुर्चीखाली सरकवली.

"अहो, मला मळमळतंय," पद्मजा कुजबुजली.

"मलाही. पण थांब. शत्रू स्वतःच्या पायांनी चालत येतोय."

निसर्ग आला तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. टेकडी. टेकडीवर झाडं, लालभडक, केशरी, पिवळी.

"अय्या, अगदी आपल्याकडच्यासारखं!" कोणीतरी म्हणालं.

"बर्गंडी," मिलिंद म्हणाला. "रंगाचं नावच त्या भागावरून पडलंय. सगळं लाल."

लोकांनी माना डोलावल्या. नीलिमानं बटण दाबलं. आता एक छोटं गाव. चंदेरी छपराचं चर्च, मोकळा रस्ता, मधोमध मिलिंद काठी रोवून उभा, मान वर. टायमर लावून काढलेला फोटो, त्यामुळे जरा तिरका. आणि त्या तिरकेपणामुळेच, कोपऱ्यात, नको ते आलेलं. अष्टकोनी लाल पाटी. पाटीवर पांढऱ्या अक्षरात ए, आर, आर, ई, टी.

"बघा, फ्रेंचमध्ये 'थांबा'!" मिलिंदनं लेसर मारला. "प्रत्येक कोपऱ्यावर."

रविकांतची पाठ खुर्चीपासून सुटली.

मे महिन्यात त्यांची ती डिलिव्हरी बस फ्रान्समधल्या एका आडगावाबाहेर बंद पडली होती. पाऊण तास. नागपूरच्या एका काकांनी पंक्चरवाला कुठे मिळेल म्हणून सगळं गाव विचारून काढलं, आणि रविकांत कंटाळून रस्त्यावरच्या अशाच लाल पाटीला मिठी मारून उभा राहिला होता. पद्मजानं फोटो काढला होता. त्या पाटीवर काय होतं? स्टॉप. स्वच्छ इंग्लिशमधलं स्टॉप. त्यानं गाइडला मुद्दाम विचारलं होतं, तुम्ही लोक इंग्लिशचा एवढा राग करता, मग हे काय? गाइड खांदे उडवून म्हणाला होता, अख्ख्या फ्रान्समध्ये स्टॉपच असतं मुस्यू.

तो मागं वळला. व्हिन्सेंट वसईचा, वीस वर्षं ट्रक चालवतो. दर आठवड्याला माल घेऊन क्यूबेकमध्ये, मॉन्ट्रियाल आणि त्याच्या पुढं, जिथं कॅनडात असूनही सगळा कारभार फ्रेंचमध्ये.

"विन्सू, ती पाटी..."

"दर गुरुवारी बघतो," व्हिन्सेंट ओठ न हलवता म्हणाला. "आणि मागचा पिकअप बघ. एवढा पिकअप फ्रान्सच्या गल्लीत घातला तर दोन घरं पाडावी लागतील. नंबरप्लेट पण क्यूबेकची आहे रव्या. हा इसम फ्रान्सला गेलेलाच नाही. हा आपल्याच देशात..."

चादरीवरचा फोटो बदलला. सूर्यास्त.

"अगं, मी सांगत होतो अजून!" मिलिंद म्हणाला.

"बरेच आहेत पुढं," नीलिमा म्हणाली.

रविकांतच्या पोटात गुदगुल्या व्हायला लागल्या. अशा गुदगुल्या त्याला स्नोमॅनच्या वेळीही झाल्या नव्हत्या. दही, नारळ, बूट, न्यूजलेटर, आणि गडी पूर्ण वेळ क्यूबेकच्या शेतांतून खुरडत होता! आता घाई करायची नाही. शो संपू द्यायचा. मग हात वर करून अगदी भोळेपणानं विचारायचं, मिलिंद, फ्रान्समध्ये स्कूलबस पण आपल्यासारख्या पिवळ्या असतात का रे? घाम फुटू द्यायचा. मग पाटी. मग पिकअप. मग डिलिव्हरी.

तो आता मिलिंदकडे बघेना, फक्त कोपऱ्यांकडे बघायला लागला. आणि तेव्हा त्याला दुसरंच काहीतरी दिसलं. कोपऱ्यात काही पिवळं, काही ओळखीचं यायला लागलं, की फोटो पळायचा. एकदा, दोनदा, चारदा. मिलिंद चिडायचा. नीलिमा शांतपणे म्हणायची, "हात लागला चुकून."

मध्ये चहाची सुट्टी झाली. रविकांत कप ठेवायला वर किचनमध्ये गेला, तर नीलिमा त्याच्या मागोमाग आली आणि तिनं बेसमेंटचं दार लोटून घेतलं.

"भाऊजी, तुम्ही पाटी बघितलीत."

"कसली पाटी?" रविकांत डोळे मिचकावत म्हणाला.

"नाटक नका करू. तुम्ही मागं वळलात तेव्हाच कळलं मला." तिनं सिंकमधला नळ सोडला, आवाज खाली जाऊ नये म्हणून. "तो फ्रान्सला गेला नव्हता. माहितीये मला."

रविकांतच्या गुदगुल्या जागच्या जागी थांबल्या.

"मीच सोडलं त्याला एअरपोर्टला. पोळ्या बांधून दिल्या, आत जाईपर्यंत हात हलवला. आणि तिसऱ्या दिवशी कुरियरवाला आला. माझी सही घेतली. पाकिटात याचा पासपोर्ट. माणूस फ्रान्समध्ये आणि पासपोर्ट माझ्या ओट्यावर!"

"आई शप्पथ."

"सोबत व्हिसा ऑफिसची चिठ्ठी. पासपोर्ट डिसेंबरात संपतोय, म्हणून व्हिसा देत नाही. तीन महिन्यांची मुदत शिल्लक लागते म्हणे. अठरा वर्षं झाली इथे, सिटिझनशिप घेत नाही, मी भारतीयच मरणार म्हणतो. मरू दे, पण तारीख बघायची ना! लोकांच्या विंटर टायरच्या तारखा तपासत फिरतो हा." ती भांड्यासारखा एकच कप घासत होती. "तोवर तुमचे बूट, नारळ सगळं झालं होतं. परत कसा फिरणार? एअरपोर्टच्या दुसऱ्या दारानं बाहेर पडला असेल आणि ट्रेननं मॉन्ट्रियाल. तिथून आपला चालतोय, गावागावातून."

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"नाही. पासपोर्ट त्याच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होता तिथे ठेवला. आल्यावर त्याला तो तिथे दिसला असणारच, पण कुणी ठेवला हे विचारणार कसं? सहा आठवडे झाले. रोज वाटतं, आज सांगेल. रोज तो मला बर्गंडी सांगतो." तिचा चेहरा आंबट झाला. "शिसारी येते हो मला. शेजारी झोपायची शिसारी. तुम्हाला वाटेल, एवढ्याशा गोष्टीवरून."

रविकांतला तसं वाटत नव्हतं. त्यानं स्वतःचा कप सिंकमध्ये ठेवला.

"पण त्यानं आधी मला सांगायला हवं," नीलिमा म्हणाली. "तुम्ही आज खाली त्याला उघडा पाडलात, की तो तिथेच नवीन थाप मारेल. व्हिसा नंतर मिळाला, दोन दिवस क्यूबेक, मग फ्रान्स, काहीही. आणि मग ती थाप शेवटपर्यंत धरून बसेल. माझ्याशी खरं बोलायची त्याची वाट बंद होईल. मला तेवढी वाट हवीय. तुमची गंमत मी मोडतेय, कळतंय मला."

खालून मिलिंदचा आवाज आला. "नीलिमा! नेक्स्ट!"

ती नळ बंद करून गेली.

उरलेले दीडशे फोटो रविकांतनं कसे सोसले, ते त्यालाच ठाऊक. प्रत्येक कोपऱ्यातून क्यूबेक डोकावत होतं आणि त्याच्या जिभेला कंड सुटत होती. व्हिन्सेंट मागून गुडघ्यानं खुर्ची ढोसत होता. "आता? रव्या, आता?" मिलिंद एका गोठ्यासमोर उभा राहून, फ्रेंच गायींचं शेण आपल्या गायींच्या शेणापेक्षा कसं वेगळं असतं, ते सांगत होता. या माणसासाठी गप्प बसायचं! रविकांतला तो पहिल्यापासून आवडत नव्हता, आता तर बघवेना. ती लाल नाकपुडी, तो ठिपका नाचवणारा हात, ते मधूनमधून फ्रेंच 'वुई'.

शेवटचा फोटो गेला, दिवे लागले, टाळ्या झाल्या. आणि मिलिंद स्वतःच म्हणाला, "काय रविकांत? डिलिव्हरी आणि ट्रॅव्हल, फरक कळला की नाही?"

तीस माणसं वळली. पद्मजानं मान खाली घातली. व्हिन्सेंटनं खुर्चीला असा धक्का दिला, की रविकांत जवळजवळ उभाच राहिला. लॅपटॉपची वायर गुंडाळणारे नीलिमाचे हात थांबले.

"कळला," रविकांत म्हणाला.

"एवढंच?"

"पाय भारी आलेत फोटोत."

हशा झाला. व्हिन्सेंट 'च्यायला' म्हणाला. मिलिंद खूश होऊन टाळ्या वाजवत म्हणाला, "आता सरप्राइज! खास तुमच्यासाठी फ्रान्सहून आणलंय!" आणि त्यानं बेसमेंटच्या फ्रिजमधून एक डबा काढून झाकण उघडलं.

वास आधी आला. आठवडाभर हॉकीच्या बॅगेत विसरलेले मोजे, त्यावर फुटलेलं अंडं, त्यावर गटार. डब्यात तळहाताएवढी नारिंगी चकती होती, बुळबुळीत, कडेला वितळून पसरलेली. चीज म्हणे. डोंगरातल्या मठात साधू हातानं करतात, वर दारूनं धुतात. याच फ्रिजमध्ये शेजारी श्रीखंडाचं पातेलं होतं, हे लक्षात आल्यावर दोघातिघांनी डोळेच मिटले.

लोकांनी मोठ्या धीरानं नखाएवढे तुकडे उचलले आणि नॅपकिनमध्ये गुंडाळले. पण पद्मजाचं तसं नव्हतं. आपल्या बायकांपैकी जी इथे येऊन शाकाहारी राहिली, ती लेबल वाचल्याशिवाय काही तोंडात घालत नाही. ब्रेड असो, दही असो, चॉकलेट असो. चीजमध्ये तर वासराच्या पोटातलं रेनेट असतं. पद्मजा दुकानात चष्मा लावून अर्धा अर्धा तास वाचत उभी राहते, आणि मंडळातल्या दहा बाया तिच्या भरवशावर खातात.

"थांबा ग, कुणी खाऊ नका," ती म्हणाली, आणि पर्समधून चष्मा काढला. "याच्या बुडाला कागद आहे. रेनेट आहे का बघते."

वरचं लेबल मिलिंदनं खरवडून काढलेलं होतं. बुडाचं त्याच्या लक्षातच आलं नसणार. त्याचा चेहरा आता त्या चीजच्या रंगाचा झाला. लेबलावर काय असणार, ते रविकांतला न वाचता माहीत होतं. या देशात विकली जाणारी प्रत्येक गोष्ट दोन भाषांत छापलेली असते, आणि खाली गाव.

"फ्रेंचमध्येच असेल वहिनी," मिलिंद म्हणाला. "तुम्हाला नाही कळणार."

"इंग्लिश पण आहे की खाली," पद्मजा म्हणाली. तिनं चकतीची कड उचलली. दहा बाया पुढं वाकल्या. "प्रॉडक्ट ऑफ..."

रविकांतनं नीलिमाकडे बघितलंही नाही. कागद नुसता ओढून घेतला असता, तर पद्मजानं तो त्याच्या खिशातून काढून सगळ्यांसमोर वाचला असता. पंचवीस वर्षांचा अनुभव होता. त्यानं बायकोच्या हातातून अख्खी चकती उचलली, "अरे, असलं फ्रान्स नुसतं हुंगायचं असतं का!" असं ओरडला आणि कागदासकट तोंडात कोंबली.

पहिल्यांदा मऊ लागलं. मग जिभेवर कोणीतरी मेल्यासारखं लागलं. बुळबुळीत कड टाळूला चिकटली, नाकातून वास उलटा वर आला, डोळ्यांतून पाणी. आतला भाग पुवासारखा फुटला, आणि त्याला तो अंगठा आठवला, सहा फुटी. त्यानं चावणं सोडून दिलं. कागद गालात फिरत होता. घास एवढा मोठा, की ओठ मिटेनात. हनुवटीवरून नारिंगी ओघळ आला.

"ईईई!" दहा बाया मागं सरल्या.

"अहो! थुंका! रेनेट असेल त्यात!" पद्मजा किंचाळली.

रविकांतनं मान हलवली. नाही. त्यानं डोळे गच्च मिटले आणि गिळलं. अर्धं गेलं. पोटानं ते परत पाठवलं. त्यानं पुन्हा गिळलं. दुसऱ्या खेपेला कागदही गेला, घशाला ओरखडत.

मग हसण्याचा स्फोट झाला. रविकांतची खोडी म्हणजे रविकांतची खोडी! कोणी फोटो काढला, कोणी त्याच्या पाठीत गुद्दा घातला. मिलिंद तर सगळ्यात मोठ्यांदा हसला. गेलेला रंग परत आला होता.

"बघा! असं खातो खरा फ्रेंच माणूस!" तो म्हणाला आणि रविकांतच्या खांद्यावर हात टाकला. "पुढच्या वर्षी तू पण चल माझ्याबरोबर. एकटा."

त्या हाताला अजून चीजचा वास होता. रविकांत तो झटकून धावत वॉशरूममध्ये गेला.

अर्ध्या तासानं तो बाहेर ड्राइव्हवेवर विंडशील्डवरचं गोठलेलं दव खरवडत होता. सहा वाजत आले होते, अंधार पडला होता. पद्मजा आधीच गाडीत जाऊन बसली होती, चारी काचा खाली करून, तोंडाला शाल लावून. ती त्याच्याशी बोलत नव्हती. श्रावणापासून उपास मोजणारी बाई, तिच्या डोळ्यांदेखत नवऱ्यानं वासराचं पोट खाल्लं असेल नसेल, कोण सांगणार? आता आठवडाभर वेगळी भांडी. आणि कारण तिला सांगता येणार नव्हतं. तिला सांगितलं, की ती तो फोटो शोधून काढेल, पाटीला मिठी मारलेला, आणि मंडळाच्या प्रत्येक घरी ईमेल करेल. आयफेल टॉवरची पिशवी तीही विसरली नव्हती.

व्हिन्सेंट बर्फातून करकर करत आला.

"काय रे ए? तुला मोका ताटात वाढून दिला त्यानं. 'पाय भारी आलेत'? आणि ते काय खाल्लंस? मी ट्रकड्रायव्हर माणूस, मला उलटी आली."

रविकांत खरवडत राहिला. वर किचनमध्ये दिवा होता. नीलिमा ओट्याशी उभी दिसत होती आणि मिलिंद तिच्यासमोर हात हलवत होता. काय सांगत होता कोण जाणे. खरं सांगत असेल, किंवा शेणाचं.

"विन्सू," तो म्हणाला, "ते फ्रान्सच होतं."

"काय?"

"मी नीट बघितलं. फ्रान्सच."

"मला शिकवतोस?" व्हिन्सेंट जवळ आला आणि वासानं दोन पावलं मागं सरला. "वीस वर्षं त्या रस्त्यावर गाडी घालतोय मी. त्या चर्चच्या समोर मी दर गुरुवारी कॉफी पितो. बाई ओळखते मला. फ्रान्स म्हणे!"

"चर्च सगळी सारखीच असतात."

"मला? कॅथलिक माणसाला सांगतोस चर्च सारखी असतात?"

 रविकांतला ढेकर आला. त्या ढेकरानं त्याच्याच डोळ्यांत पुन्हा पाणी आणलं, आणि तो गाडीच्या बॉनेटला धरून जरा वेळ वाकून उभा राहिला. व्हिन्सेंट त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं वर खिडकीकडे बघितलं. तिथे मिलिंदचे हात आता खाली आले होते, आणि नीलिमानं खुर्ची ओढून त्याला बसायला दिली होती.

व्हिन्सेंटनं रविकांतच्या हातातला स्क्रॅपर काढून घेतला आणि उरलेली काच तो खरवडायला लागला.

"बरं बाबा," तो म्हणाला. "फ्रान्स तर फ्रान्स. पण तू माझ्या ट्रकमध्ये महिनाभर बसायचं नाहीस."